असत्य विधान आणि लबाडी

राजकारणी पुरुषाचे एखादे विधान पुढे असत्य ठरले की त्याला तत्काळ लबाड म्हणून मोकळे होण्याची जी प्रवृत्ती सार्वजनिक जीवनात बळावली आहे, ती न्यायबुद्धीला धरून नाही. कारण विधानाची सत्यासत्यता वस्तुस्थितीवरून ठरते, तर लबाडी ही बोलणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होते यावरून ठरते.

ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन जर्मनीचा हुकूमशहा हिटलर याच्याशी करार करून ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकहून परतले आणि आता शांतता लाभली, अशी ग्वाही त्यांनी लंडनच्या जनतेला दिली. वर्षभरातच महायुद्ध पेटले व ती ग्वाही साफ खोटी ठरली. तथापि, हिटलर दिलेला शब्द पाळील, असा विश्वास त्यांनी त्याच महिन्यात आपल्या बहिणीला लिहिलेल्या खाजगी पत्रातही व्यक्त केला होता. त्यांची चूक भयंकर होती, परंतु ती फसवणूक नव्हती.

याउलट, १९५६ च्या ऑक्टोबरात पॅरिसनजीक सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मसलत करून इजिप्तवरील स्वारीचा बेत लेखी मुक्रर केला असताना, इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना आपल्या सरकारला नव्हती, असे ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी २० डिसेंबर रोजी पार्लमेंटात सांगितले. त्या कराराच्या प्रती नष्ट करविण्यासाठी त्यांनी आधीच अधिकारी फ्रान्सला धाडले होते. परंतु इस्रायलची प्रत शाबूत राहिली आणि तीच पुढे पुरावा ठरली.

आपल्या लोकसभेच्या प्रथेतही हाच विवेक आहे: मंत्र्याचे विधान केवळ चुकीचे असल्याने विशेषाधिकारभंग होत नाही, सभागृहाची दिशाभूल हेतुपुरस्सर केल्याचे सिद्ध व्हावे लागते, आणि नजरचुकीने झालेली चूक सभागृहातच दुरुस्त करण्याची मुभा मंत्र्याला असते.

अर्थात, लबाडी नव्हती एवढ्याने जबाबदारी संपत नाही. चेंबरलेन यांना त्यांच्या निर्णयशक्तीचा जाब विचारला पाहिजे, ईडन यांना विश्वासघाताचा. आणि पुरेशी चौकशी न करता ठामपणे बोलणाऱ्याला त्याच्या बेफिकिरीचा. हे तिन्ही दोष एकाच शिवीत कोंबले, तर खरा लबाड प्रामाणिक चुकणाऱ्यांच्या गर्दीत सुखाने लपतो. म्हणून नागरिकांनी आरोपाची घाई करण्याऐवजी सरकारी दप्तर जतन व्हावे व यथाकाल खुले व्हावे, असा आग्रह धरावा. कारण उघड भाषण आणि खाजगी कागद ताडून पाहिल्यावाचून हा निवाडा होऊ शकत नाही.