थंडीत तंबाखू फिकी का लागते?

डिसेंबर उजाडला, कारखान्याचा गाळप हंगाम भरात आला आणि पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की आमच्या अंकुशनगर भागात सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढतात. अशाच एका सकाळी पन्नाशीतले एक ऊसतोड कामगार सर्दीचे औषध घ्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंदा तंबाखूत काही दमच नाही. पुडी बदलून पाहिली, तरी वास नाही की चव नाही." तंबाखू फिकी लागते म्हणून पूर्वी दिवसाला पाच-सहा बार भरणारे हे गृहस्थ आता दहा-बारावर गेले होते. चुनाही वाढवला होता.

वाचकहो, यात दोष तंबाखूचा नव्हता, थंडीचा होता. तो कसा, हे आधी समजून घेऊ.

आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि रश्श्याची रुचकर चव एवढेच कळते. बाकी सारे काम नाकाचे. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावून पाहा, निव्वळ काडी चावल्यासारखे वाटेल. नाक सोडताच वेलदोडा ओळखू येईल. तिखट ही तर चवच नव्हे, ते झोंबणे आहे. तंबाखूचा 'कडकपणा' हाही बराचसा असाच झोंबण्याचा प्रकार.

आता वास म्हणजे काय? पदार्थातून उडून हवेत मिसळणारे अतिसूक्ष्म कण. उष्णतेने ते जास्त उडतात, गारव्याने कमी. वाफाळत्या चहाचा वास घरभर जातो, गार चहाचा जात नाही. रात्रभर पालात गारठलेल्या चंचीतल्या तंबाखूचेही तेच होते. त्यात मराठवाड्याची हिवाळी हवा कोरडी. पान वाळून कुरकुरीत होते, मळले की भुगा होतो आणि सुगंधी अंश उडून जातो. विडी, चिलीम किंवा पाईप ओढणाऱ्यांचा अनुभवही निराळा नाही. वाळलेली तंबाखू भराभर आणि जास्त तापून जळते. धूर घशाला चटका देतो, पण वास मात्र हरवतो.

दुसरे कारण आपल्या नाकात आहे. बाहेरची हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी तिला गरम व ओलसर करण्याचे काम नाक करते. थंड, कोरड्या हवेत नाकावर ताण येतो, आतली त्वचा सुजते, नाक वाहते किंवा चोंदते. वास ओळखणारी जागा नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढी असते. वाट बंद झाली की वास तिथवर पोचतच नाही. विडीच्या धुराने ही जागा आधीच बोथट झालेली असते.

कोणी विचारील, मग कारखान्याच्या मळीचा वास हिवाळ्यातच पहाटे इतका का येतो? त्याचे कारण असे की, थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही. धूर आणि वास खालीच कोंडून राहतात. चंचीतल्या चिमूटभर तंबाखूला हा नियम लागू पडत नाही.

खरा धोका यापुढे आहे. वास कमी झाला म्हणून विष कमी होत नाही. तंबाखूतील निकोटीन आणि कर्करोगास कारणीभूत होणारी द्रव्ये थंडीतही तेवढीच राहतात. वास मिळत नाही म्हणून माणूस झोंबण्यामागे लागतो, चुना वाढवतो. चुन्यामुळे निकोटीन मोकळे होऊन रक्तात लवकर शिरते आणि तोंडाची आतली त्वचा भाजते ती वेगळीच. "तंबाखूने ऊब येते" हाही गैरसमजच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातापायांची बोटे उलट अधिक गार पडतात.

या गृहस्थांना मी बॅटरी लावून तोंड उघडायला सांगितले. ज्या गालात ते बार धरीत, तिथे रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तपासणीसाठी पाठवले. कर्करोग निघाला नाही, पण पुढे होऊ शकेल अशी ती अवस्था होती. चुनातंबाखू लगेच बंद करायला सांगितली.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत. धूर न काढता तंबाखू वापरणारे त्यात २४.४ टक्के होते. मिश्री लावणाऱ्या आया-बहिणीही त्यातल्याच.

म्हणून थंडीत तंबाखू फिकी लागली, तर बार वाढवू नका, आरशात तोंड पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटाने होणारी आग, गिळताना त्रास, किंवा उभी तीन बोटे मावतील एवढे तोंड न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवा. सर्दी बरी होऊनही वास परत आला नाही, तरी दाखवा. कामासाठी गाव सोडून आलेल्यांनी तर पट्टा पडेपर्यंत वाट पाहू नये. हंगाम संपला की घरी जाण्याच्या घाईत तपासणी राहून जाते.

आणि सोडायची ठरवाल, तर हाच मुहूर्त चांगला. चव नाहीच, तर ओढ धरून काय उपयोग? पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप मोडते, पण ते ओसरते. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. सोडल्यावर काही दिवसांतच वास आणि चव परतू लागतात.

ते गृहस्थ संक्रांतीनंतर चट्टा दाखवायला आले. चट्टा अजून होता, पण फिकट झाला होता. म्हणाले, "साहेब, तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा वास आता पालाबाहेर येतो." मी म्हटले, "वास पहिल्यापासून येतच होता. तुमचे नाक आता जागे झाले."