आक्काचा फोटो आणि माझी सात पुस्तके

निवृत्त होणाऱ्या माणसाला निरोपसमारंभात काय मिळते हे आता सर्वांना पाठ झाले आहे. शाल, श्रीफळ आणि ‘आता एखादा छंद जोपासा’ हा उपदेश. मला याखेरीज चिरंजीवांकडून एक डिजिटल कॅमेरा मिळाला. शाल मी वापरली, श्रीफळाच्या वड्या झाल्या आणि कॅमेरा सहा वर्षे कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात सुखाने नांदला. त्याला बाहेर काढले ते आमच्या आक्काने.

आक्का माझी सख्खी थोरली बहीण. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. वाईला जुन्या घरात राहते. गेल्या वर्षी वैशाखात तिचे सहस्रचंद्रदर्शन व्हायचे होते. आठ दिवस आधी तिचा फोन आला.

“बाळ, तुझा तो कॅमेरा घेऊन ये. मोबाइलवरचे फोटो नकोत मला. त्यात सगळे दात काढून उभे असतात. माझा एकटीचा, नीट काढ. उद्या हार घालायची वेळ आली म्हणजे ही मंडळी आयत्या वेळी धावपळ करतील आणि आधारकार्डावरचाच मोठा करून लावतील. गेल्यावर तरी मला माणसासारखी दिसू दे!”

आता अशा आज्ञेला नाही कोण म्हणणार? मी त्याच संध्याकाळी पुस्तकाच्या शोधात निघालो. आयुष्यभर कचेरीत फायली वाचल्यामुळे, कोणतीही विद्या प्रथम कागदावर येते आणि मग हातात, अशी माझी दृढ समजूत होती. फोर्टातल्या फुटपाथावर जुन्या पुस्तकांच्या राशीतून आणि डोंबिवलीच्या दुकानांतून मिळून मी सात पुस्तके घरी आणली. सौभाग्यवतींनी ती मोजली आणि म्हणाल्या, “इतक्यात फोटो काढणारा माणूसच आणला असता.” त्यांचे गणित माझ्याहून नेहमीच बरे.

सातांपैकी मला सर्वांत आवडलेले पुस्तक मोठे सुबक होते. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रे आणि प्रत्येक चित्राखाली तयार आकडे. ‘घरगुती समारंभ’ या मथळ्याखाली लिहिले होते: छिद्र ५.६, वेग १/६० सेकंद, आयएसओ ४००. मी ते आकडे बाराखडीसारखे पाठ केले. समारंभाच्या दिवशी माजघरात आक्का पाटावर बसली, सुना-नातसुना ओवाळू लागल्या आणि मी ते आकडे लावून एकशेचाळीस फोटो काढले. मधूनमधून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहत होतो. सारे छान उजळ दिसत होते.

घरी येऊन संगणकावर पाहतो तो काय! एकशेचाळीस चित्रांत निरांजनाच्या ज्योती तेवढ्या दिसत होत्या. आक्का काळोखात बुडाली होती. ते पुस्तक लिहिणाऱ्याचे घर मोठमोठ्या खिडक्यांचे असावे. आमच्या वाईच्या माजघराला एक झरोका आहे. शिवाय अंधाऱ्या खोलीत मागचा पडदा आपल्या डोळ्यांना असतो त्याहून उजळ भासतो, हेही मला कोणी सांगितले नव्हते.

वाचकहो, पुस्तक कसे निवडू नये याचा पहिला धडा मी असा शिकलो. ज्या पुस्तकात नुसते आकडे आहेत ते पुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा. तो आपल्याला बसलाच तर योगायोगाने.

आठ दिवस हिरमुसला होऊन बसलो आणि मग राशीतले सर्वांत मळके पुस्तक उघडले. ब्रायन पीटरसन या अमेरिकन छायाचित्रकाराचे ‘अंडरस्टँडिंग एक्स्पोजर’. हे प्रथम १९९० साली निघाले. तेव्हा घरोघर फिल्मचे रोळ होते. पुढे डिजिटल कॅमेरे आले तशा त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, चौथी २०१६ साली. फिल्म गेली आणि पुस्तक मात्र राहिले. असे का, हे मला दहा-वीस पाने वाचताच उमगले. त्यातला मुख्य विषय कॅमेरा नसून प्रकाश आहे, आणि प्रकाशाची नवी आवृत्ती निघत नाही.

कॅमेऱ्यात प्रकाश किती येतो हे दोन गोष्टींवर ठरते. एक छिद्र, म्हणजे डोळ्याच्या बाहुलीसारखी लहानमोठी होणारी भिंगातली खिडकी. दुसरी झडप, म्हणजे ती खिडकी किती वेळ उघडी राहते तो काळ. तिसरा आयएसओ. तो आलेल्या प्रकाशाला किती मोठे करून दाखवायचे हे सांगतो. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. झडपेचा काळ निम्मा केला तरी प्रकाश निम्मा. आयएसओ दुप्पट केला की चित्र दुप्पट उजळ. एवढे कळल्यावर मी माजघराचा हिशेब पुन्हा मांडला. तिथे आयएसओ ४०० नव्हे, निदान ३२०० हवा होता. चारशेचे आठशे, सोळाशे, बत्तीसशे, म्हणजे तीनदा दुप्पट. आक्काला हवा त्याच्या एकअष्टमांश प्रकाश देऊन मी तिचे सहस्रचंद्रदर्शन अमावास्येला साजरे केले होते!

आणि पडद्यावर डोळा ठेवून भागत नसेल तर हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहावा, हेही समजले. तो डोंगरासारखा दिसतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. सगळा डोंगर डाव्या भिंतीला टेकला असेल तर चित्र काळे आले असे खुशाल समजावे. हा आलेख खोलीच्या अंधाराने फसत नाही.

पुस्तक निवडायला मला यातूनच एक कसोटी सापडली. तिला मी ‘पांढऱ्या लुगड्याची कसोटी’ म्हणतो. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक अगदी भोळे असते. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून ते हिशेब करते. म्हणून पांढरे लुगडे नेसलेल्या बाईचा फोटो स्वयंचलित मापाने काढला तर लुगडे मळकट येते आणि काळी चंद्रकळा विटकी येते. दिवाळीत अंगणातल्या पणतीचा फोटो घ्या. कॅमेरा अंधाऱ्या अंगणाला करडे करायला जातो आणि ज्योतीचा पांढरा गोळा होतो. तीन दुखणी, पण मूळ एकच. पांढऱ्याला प्रकाश मुद्दाम वाढवायचा, काळ्याला आणि पणतीला कमी करायचा. दुकानात पुस्तक चाळताना ‘पांढरे करडे का येते’ याचे उत्तर त्यात आहे का, तेवढे पाहा. असेल तर घ्या. नसेल आणि नुसते ‘पणतीसाठी अमुक आकडा लावा’ असे असेल तर परत फळीवर ठेवा.

दुसरी कसोटी, पुस्तकात फसलेले फोटो आहेत का? चांगल्याशेजारी वाईट चित्र ठेवून ते का बिघडले हे सांगणारा लेखक खरा शिक्षक. नुसती सुंदर चित्रे दाखवणारा बहुधा आपला अल्बम दाखवत असतो.

एवढी शिदोरी घेऊन मी श्रावणात पुन्हा वाईला गेलो. आक्का माजघरात बसायला निघाली तशी तिला ओसरीवर बसवली. पुढे मोकळे अंगण आणि चुन्याने रंगवलेली भिंत. ही युक्ती फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांच्या ‘लाइट : सायन्स अँड मॅजिक’ या पुस्तकाने शिकवली. तेही मूळ १९९० चेच. प्रकाश जिथून येतो ती जागा जितकी मोठी तितकी सावली मऊ, आणि उजेड बाजूने आला की सुरकुती उठून दिसते, समोरून आला की निवते, हे त्यात नीट समजावले आहे. काच, धातू, पांढऱ्यावर पांढरे यांचे फोटो कसे घ्यावेत याचीही प्रकरणे आहेत. घरातली तांब्या-पितळेची भांडी टिपायची असतील तर ते अवश्य वाचावे. चित्राची मांडणी शिकायला मायकेल फ्रीमन यांचे २००७ साली निघालेले ‘द फोटोग्राफर्स आय’ आहे. पण ते या दोहोंनंतर. ताट वाढण्यापूर्वी भात शिजायला हवा.

फोटो छान आला. आता खरे म्हणजे मी थांबायला हवे होते.

पण राशीत फोटो-संपादनाची दोन पुस्तके शिल्लक होती ना! त्यांतल्या एकात ‘दहा मिनिटांत तारुण्य’ अशा अर्थाचे एक प्रकरण होते. पहिली अडचण म्हणजे त्यात सांगितलेले बटण माझ्या संगणकावर कुठे सापडेना. पुस्तक जुने, प्रणाली नवी. कॅमेऱ्याचे पुस्तक तीस वर्षांचे असले तरी चालते, पण संपादनाचे चालतेच असे नाही. उदाहरणार्थ, लाइटरूम ही प्रणाली २००७ साली निघाली. २०१७ साली तिचे दोन भाग झाले. जुन्या पद्धतीच्या प्रणालीला ‘लाइटरूम क्लासिक’ हे नाव पडले आणि ‘लाइटरूम सीसी’ हे तिचे आधीचे नाव एका नव्याच प्रणालीला मिळाले. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव वाचून घेणारा हमखास चकतो. म्हणून संपादनाचे पुस्तक घेताना आपल्या संगणकावर कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती आहे हे कागदावर लिहून न्यावे आणि पुस्तकाचे साल पाहावे. मार्टिन ईव्हनिंग यांनी फोटोशॉपवरचे आपले जाडजूड पुस्तक वर्षानुवर्षे प्रत्येक आवृत्तीगणिक नव्याने लिहिले, ते उगीच नव्हे. ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांना गिंप ही फुकट प्रणाली आहे. पुस्तक मात्र तिचेच घ्यावे.

असो. बटण शेवटी सापडले. मी आक्काच्या सुरकुत्या पुसल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसली, कपाळावरचा एक डाग पुसला आणि मोठ्या कागदावर छापून भाऊबीजेला वाईला घेऊन गेलो. ओवाळून झाल्यावर तबकात पाकीट ठेवले आणि शेजारी तो फोटो.

आक्काने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले.

“कोण रे ही?”

“आक्का, तूच.”

“मी? मग माझ्या कपाळावरची खूण कुठे गेली?”

मी गप्प. ती खूण मीच केलेली होती. आक्का पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली होती. मी सहा वर्षांचा. अंगणात विटी-दांडू खेळताना माझी विटी तिच्या कपाळावर बसली आणि रक्ताची धार लागली. वडील काठी घेऊन धावले, तेव्हा हिने मला पदराखाली घेतले आणि “मीच उंबऱ्याला अडखळले” म्हणून सांगितले. साठ वर्षांनी मी तो डाग समजून पुसून टाकला होता.

“फोटो चांगला आहे,” आक्का म्हणाली, “पण हार दुसरीच्याच गळ्यात पडेल.”

मूळ चित्र तरी परत छापावे म्हणून घरी फोन केला, तर त्याच नावाने साठवल्यामुळे ते कायमचे गेलेले. ‘मूळ चित्राची प्रत प्रथम बाजूला ठेवा’ हे वाक्य त्या पुस्तकात होते, पण शेवटच्या प्रकरणात! म्हणून संपादनाच्या पुस्तकाची माझी कसोटी अशी. मूळ चित्र राखून काम करण्याची रीत पहिल्या प्रकरणात सांगितली आहे का? आणि कुठे थांबावे याबद्दल लेखक एक शब्द तरी बोलतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओसरी, पुन्हा आक्का. या खेपेस चित्र ‘रॉ’ पद्धतीने घेतले. नेहमीचे जेपेग चित्र म्हणजे वाढलेले ताट. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. ‘रॉ’ म्हणजे कोरडा शिधा. बारा बिटांचा असला तर ४०९६ छटा, चौदा बिटांचा असला तर १६३८४. शिध्याचे हवे ते रांधता येते, शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. शिवाय अशा प्रणालीत मूळ ‘रॉ’ला हात लागत नाही. आपण केलेले बदल टिपणासारखे वेगळे राहतात. अॅन्सेल ॲडम्स हा थोर अमेरिकन छायाचित्रकार आधी पियानो शिकलेला. तो निगेटिव्हला स्वरलिपी आणि छापील चित्राला मैफल मानी. आपण म्हणू, बंदिश तीच, मांडणी गवयाची. पण गवयाने बंदिशीतले शब्दच गाळले तर? मी या वेळी थोडा उजेड वाढवला, लुगडे पांढरे केले आणि हात आवरला. सुरकुत्या राहिल्या. खूण राहिली.

पुस्तके घेऊच नका असा मात्र याचा अर्थ नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना सिनेमाचा नाद लागला तेव्हा त्यांनी पुस्तकेच धुंडाळली होती. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ काढला नाही. आधी वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वाढतो ते थोडे थोडे टिपले. ‘हरिश्चंद्र’ आला १९१३ साली. पुस्तक आणि हरिश्चंद्र यांच्यामध्ये एक वाटाणा हवा. ज्या पुस्तकाचे एक प्रकरण वाचून आपण ते मिटतो आणि कॅमेरा घेऊन अंगणात जातो ते पुस्तक चांगले. जे खाली ठेववत नाही ते कादंबरीच्या कपाटात शोभते. माझ्या सातांपैकी आता दोनच टेबलावर आहेत, आणि तिसरी कॅमेऱ्याच्या खोक्यात आलेली माहितीपुस्तिका. सहा वर्षे ती मी उघडलीच नव्हती. फुकट मिळाली म्हणून.

फोटो आक्काला पोचला. तिने तो चष्मा पुसून पाहिला, कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवले आणि गोदरेजच्या कपाटात, ठेवणीतल्या शालूच्या घडीखाली ठेवून दिला. परवा फोन केला तर चकल्यांची भाजणी दळायला निघाली होती.

“फोटो बरा आहे ना, आक्का?”

“बरा आहे. पण मला घाई नाही हो,” ती म्हणाली. “भाऊबीजेला येशील तेव्हा कॅमेरा आण. या वेळी तुझा काढू या. तुला तरी कुठे नीट फोटो आहे?”