कामापुरते इंग्रजी मोजायचे कसे?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील काकडी या गावी शिर्डीचा विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आसपासच्या शाळांतील मुलांना आता डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. पण त्या विमानातील वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक कोणत्या भाषेत बोलत असतील? वैमानिक पुण्याचा आणि नियंत्रक नाशिकचा असला, तरी कामाचे बोलणे चालते ते इंग्रजीत. हे इंग्रजी कामाला पुरेसे आहे की नाही, याची दोघांचीही रीतसर चाचणी झालेली असते. भारतात वैमानिकाच्या परवान्यावर त्याच्या इंग्रजीच्या पातळीची नोंद असते.

शाळेत आपणही इंग्रजीचे गुण देतो. पण शंभरापैकी सत्तर गुण मिळवणाऱ्या मुलीला कामाच्या जागी इंग्रजी वापरता येईल का, असे तिच्या वडिलांनी विचारले, तर आपण घुटमळतो. आपली मोजपट्टी वेगळ्या कामासाठी बनवलेली आहे, हे त्याचे कारण. वजन करायचे असेल तर फूटपट्टी कितीही अचूक असून उपयोग नाही. मग कामाच्या इंग्रजीची मोजपट्टी कशी बनवतात, ते पाहू.

चरखी दादरीचा धडा

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ जातीचे विमान दिल्लीहून निघून वर चढत होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्युशिन ७६ जातीचे विमान दिल्लीकडे उतरत होते. पहिल्याला १४,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमान १५,००० फुटांच्या खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत परवानगीशिवाय खाली येणे हे मुख्य कारण ठरले. त्यामागील कारणांमध्ये कझाक चालकदलाचे अपुरे इंग्रजी हेही एक होते.

या आणि अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, भाषेचा प्रश्न हाती घेतला. २००३ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि ५ मार्च २००८ पासून ते लागू झाले. ज्या देशांची तयारी झाली नव्हती, त्यांना २०११ पर्यंत सवलत मिळाली.

सहा अंगे, सहा पायऱ्या

आयकाओच्या मोजपट्टीला सहा पायऱ्या आहेत. काम करण्यासाठी किमान चौथी पायरी लागते. चौथ्या पायरीवरच्या माणसाची चाचणी साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा होते. कारण न वापरलेली भाषा गंजते. चाचणीत भाषेची सहा अंगे पाहतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवादातील देवघेव.

यातील तीन गोष्टी शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, येथे सरासरी काढत नाहीत. पाच अंगांत पाचवी पायरी आणि आकलनात तिसरी असेल, तर उमेदवाराची पायरी तिसरीच. हे कठोर वाटेल. पण ज्याला ऐकलेले कळत नाही, त्याची शब्दसंपत्ती आकाशात काय कामाची? सरासरीमुळे उणीव झाकली जाते आणि येथे नेमकी उणीवच शोधायची असते.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या ढबीची. मातृभाषेची छाप असलेल्या उच्चारांना येथे मज्जाव नाही. त्या छापीमुळे समजण्यात कितपत अडथळा येतो, एवढेच पाहतात. मराठी वळणाचे इंग्रजी चालते, ते समोरच्याला कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट पाठांतराची. विमानोड्डाणात ठरावीक शब्दप्रयोग असतात आणि ते पाठ करता येतात. पण एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, किंवा पक्षी इंजिनात शिरला, तर पाठ केलेली वाक्ये संपतात. म्हणून चाचणीत अशा अनपेक्षित प्रसंगी साध्या शब्दांत बोलता येते का, हेही तपासले जाते.

सप्रमाणता आणि विश्वसनीयता

डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत आपण हे दोन शब्द वाचलेले असतात. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता. पुन्हा मोजले किंवा दुसऱ्याने मोजले तरी तेच उत्तर येणे ही विश्वसनीयता. दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड असते.

जपानी उद्योगांच्या गरजेतून १९७९ मध्ये टोइक ही परीक्षा सुरू झाली. तिच्या मूळ भागात श्रवण आणि वाचन यांचे २०० प्रश्न आणि १० ते ९९० अशी गुणांची पट्टी असते. पर्यायांतून उत्तर निवडायचे असल्याने कोणीही तपासले तरी गुण तेच येतात, म्हणजे विश्वसनीयता उत्तम. पण तोंड न उघडता मोठे गुण मिळू शकतात! बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या स्वतंत्र चाचण्या तिच्या जोडीला आल्या त्या २००६ मध्ये.

याच्या दुसऱ्या टोकाला ओईटी ही परीक्षा आहे. आरोग्यसेवेतील १२ व्यवसायांसाठी असलेली ही परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातील. प्रवरा परिसरातील लोणीसारख्या ठिकाणी परिचर्या शिकून ब्रिटनमध्ये परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीला ही परीक्षा देता येते. तेथील परिचर्या परिषद २०१७ पासून ती मान्य करते. हिच्यात परीक्षक रुग्ण होतो किंवा नातेवाईक होतो, आणि उमेदवाराने परिचारिका म्हणून त्याच्याशी बोलायचे असते. लेखनात निबंध नसतो. रुग्णाच्या नोंदी वाचून ४५ मिनिटांत पत्र तयार करायचे असते. म्हणजे परीक्षा प्रत्यक्ष कामातून उचललेली आहे. अडचण अशी की, असे संभाषण तपासणाऱ्यांना पक्के प्रशिक्षण द्यावे लागते, नाही तर माणसागणिक गुण बदलतात.

सप्रमाणता नसलेली चाचणी निरुपद्रवी नसते. जोडाऱ्याच्या जागेसाठी इंग्रजीत स्वतःबद्दल पाच मिनिटे बोलायला लावले, तर कुशल हात बाहेर राहतात आणि गोड बोलणारा आत जातो. नुकसान उमेदवाराचे होते आणि कारखान्याचेही.

आपल्या वर्गात काय करता येईल?

आधी काम पाहावे. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र चालवणाऱ्याला पडद्यावरील इंग्रजी सूचना वाचून समजाव्या लागतात. इंग्रजीत बोलावे लागतेच असे नाही. तेव्हा अर्धे पान इंग्रजी सूचना देऊन ‘आता तू काय करशील?’ असे मराठीत विचारावे आणि उत्तरही मराठीतच घ्यावे. वाचन मोजायचे असताना उत्तर इंग्रजीत मागितले, तर आपण वाचनाबरोबर लेखनही मोजून बसतो. शिर्डीच्या भक्तनिवासात किंवा हॉटेलात फोनवर बोलणाऱ्याची गरज निराळी. तेथे शिक्षकाने दक्षिणेतील भाविक व्हावे, दोन खोल्या मागाव्यात आणि मध्येच तारीख बदलावी. तारीख, खोल्या आणि भाडे यांचा नीट उलगडा झाला का, न कळल्यास विद्यार्थ्याने पुन्हा विचारले का, हे तपासावे. व्याकरणाची चूक अर्थ बिघडवत नसेल, तर ती येथे मोजू नये.

मग विश्वसनीयतेचा प्रयोग करावा. २० विद्यार्थ्यांचे असे बोलणे दोन शिक्षकांनी ऐकावे आणि एकमेकांना न दाखवता प्रत्येकाला चारपैकी एक पायरी द्यावी. दोघांनी डोळे मिटून पायऱ्या वाटल्या असत्या, तरी सरासरीने ५ विद्यार्थ्यांच्या बाबतीत योगायोगाने एकमत झाले असते. १४ जणांबाबत एकमत झाले, तर आपली पट्टी योगायोगाहून पुष्कळ बरी आहे असे समजावे. उरलेल्या ६ जणांवर मात्र दोघांनी बसून चर्चा करावी. एक शिक्षक उच्चाराला अडला आणि दुसरा अर्थाकडे पाहत होता, असे बहुधा निघेल. मग पायऱ्यांचे वर्णन अधिक नेमके लिहावे आणि प्रयोग पुन्हा करावा.

या सगळ्याला लागते फक्त कागद, पेन्सिल आणि दोन तासिका. जे परीक्षेत येते तेच वर्गात शिकवले जाते, हे आपण सारे जाणतो. म्हणून फोनवर तारीख पक्की करणे किंवा यंत्राची सूचना वाचणे आपण तपासू लागलो, तर मुले तेही शिकू लागतील. आणि त्या वडिलांना देण्यासाठी आपल्याजवळ गुणांच्या आकड्यापेक्षा उपयोगी उत्तर असेल: तुमच्या मुलीला इंग्रजीतून अमुक काम करता येते, आणि अमुक अजून शिकायचे आहे.