उंबराचं फूल

"काय हो, अगदी उंबराचं फूल झालात!" चाळीत राहत होतो तेव्हा चार दिवस तोंड दिसलं नाही की हे वाक्य ऐकावंच लागे. म्हणणाऱ्याच्या स्वरात तक्रार असे आणि हातात बहुधा रिकामी वाटी. साखर, चहापत्ती, विरजण, काहीतरी हवं असायचंच.

आता आम्ही सोसायटीत राहतो. घरात फ्रीज आहे, डबे भरलेले आहेत, कुणाकडे काही मागावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात समोरच्या घरातले निवृत्त मास्तर आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मला ते कळलं दूधवाल्याकडून. दोन दारांमधलं अंतर अवघं सहा फुटांचं! पिशवी हातात धरून मी बराच वेळ दारातच उभा राहिलो.

आमच्या इमारतीमागे एक उंबर आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे बघायला लागलो, त्याच्याविषयी वाचायलाही लागलो. उंबराला फूल येत नाही, हा आपला गैरसमज. ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्याच पोटात शेकडो बारीक फुलं दडलेली असतात. फळाच्या टोकाला एक इवलंसं दार असतं. गांधीलमाशीच्या नात्यातली, पण चिलटाएवढी एक माशी त्यातून आत शिरते. दार इतकं अरुंद की शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. अंगावरचे परागकण ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. त्यांच्या हाती वेळ असतो एखाद-दोन दिवसांचा. सगळे उंबर एकाच वेळी फळले असते तर त्यांना पुढचं घर मिळालंच नसतं. पण कुठे ना कुठे एखादा उंबर फळत असतोच. म्हणून तर बाकीची झाडं रिकामी असतानाही तांबट, बुलबुल, कोकीळ, वटवाघळं यांचं ताट वाढलेलं असतं.

यात कुणाचा मोठेपणा नाही बरं का. उंबर परोपकारी नाही आणि माशीही नाही. एकाला पराग हवेत, दुसरीला घर. दोघांना गरज आहे, म्हणून ते दार आहे. शेजारधर्म म्हणजे दुसऱ्याला देणं, असं आपल्याला लहानपणी शिकवलं. मागणं हाही त्याचाच भाग आहे, हे शिकवायचं राहून गेलं.

बँकेत असताना मी कितीतरी खातेदारांना समजावलं असेल, "दोन वर्षं तुम्ही काही व्यवहार केला नाहीत, तर खातं निष्क्रिय होतं." पैसे बुडत नाहीत, पण ऐन अडचणीला काढायला जावं तर आधी कागदपत्रं आणा! शेजाऱ्यांचंही तसंच. आत माया असते. देवघेव तेवढी थांबलेली असते.

मास्तर घरी आल्यावर मी वाटी घेऊन समोरची बेल वाजवली. "वहिनी, जरा विरजण मिळेल का?" आमच्या फ्रीजमध्ये दही होतं, हे फक्त हिला आणि मला ठाऊक. वहिनी क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिळेल की. पण आधी आत या." नुसती चौकशी करायला जायची मला लाज वाटत होती. वाटीने ती झाकली.

नोव्हेंबरात आमची बेल वाजली. दारात मास्तर, हातात हयातीच्या दाखल्याचा फॉर्म. "तुम्ही बँकेतले. जरा बघता का?" फॉर्म दोन मिनिटांत भरून झाला. मास्तर उठले ते तासाभराने.

एव्हाना कुणाची वाटी कुणाच्या घरात आहे, याचा पत्ता राहिलेला नाही. उभं आयुष्य बँकेत काढलं, पण एक हिशेब जुळत नाही याचं बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ.