टनामागे पाऊण ग्रॅमहून कमी

ब्रॉयलरचं एक टन खाद्य म्हणजे साडेपाच-सहा क्विंटल मका, तीन-सव्वातीन क्विंटल सोयापेंड, थोडं तेल, डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी), चुनखडीचा चुरा, मीठ आणि एका लहानशा पिशवीतलं खनिज प्रिमिक्स. मँगेनीज, जस्त, लोह, तांबं, आयोडिन आणि सेलेनियम या पिशवीतून घातले जातात. किलोमागे ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम घालायचं, तर टनाला ३०० मिलिग्रॅम लागतं. सोडियम सेलेनाइटमध्ये सेलेनियम साधारण ४५ टक्के असल्यामुळे दहा लाख ग्रॅम खाद्यात हे क्षार जेमतेम दोन तृतीयांश ग्रॅम पडतात. एवढीशी चिमूट सगळ्या पोत्यांत सारखी पोचायची, तर ती टप्प्याटप्प्यानं पसरवावी लागते: आधी चुनखडीच्या भुकटीत, मग प्रिमिक्समध्ये, मग काही किलो मक्याच्या भरड्यात आणि त्यानंतरच मिक्सरमध्ये. मिसळण नीट झालं का हे पाहायला वेगवेगळ्या ठिकाणचे दहा नमुने घेऊन त्यांतलं मीठ मोजतात. फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर मिक्सर चांगला मानतात. ही तपासणी स्वस्त आहे, तरीही ती टाळली जाते, आणि शेडमध्ये कुठे काही बिघडलं की सेलेनियमच्या टॉनिकची बाटली आणली जाते. माझा आक्षेप या सवयीला आहे. सेलेनियम कमी पडलं असेल या नुसत्या शंकेवर ते वाढवणं हा उपचार नव्हे.

या मूलद्रव्याची पहिली ओळख विष म्हणूनच झाली. अमेरिकेतल्या साउथ डकोटात १९३०च्या दशकात सेलेनियमयुक्त जमिनीतलं धान्य खाणारी जनावरं लंगडू लागली, त्यांचे खूर झडले. कोंबड्यांची अंडी उबेनात, आतले गर्भ विद्रूप निघत. तेच सेलेनियम जगण्याला लागतं हे १९५७ मध्ये क्लाउस श्वार्ट्‌झ यांच्या उंदरांवरच्या कामातून कळलं. ‘ई’ जीवनसत्त्व कमी मिळालेल्या पिलांच्या छातीखाली कातडीआड हिरवट-निळं पाणी साठतं, ते अल्प सेलेनियमनं थांबतं हेही त्याच वर्षी दिसलं. तरी कोंबडीखाद्यात ते घालायला अमेरिकेनं परवानगी दिली १९७४ मध्ये. ब्रॉयलरची गरज किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम धरतात, आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास अंडी उबण्याचं प्रमाण घसरू लागतं. हे अंतर कागदावर मोठं वाटतं. पण दोन तृतीयांश ग्रॅमऐवजी चुकून पाच ग्रॅम सेलेनाइट पडलं, तर खाद्य किलोमागे सव्वादोन मिलिग्रॅमच्या पुढे जातं, आणि मिसळण वाईट असेल तर एखाद्या पोत्यात त्याच्या दुप्पटही.

शिवाय सेलेनियम एकटं काम करत नाही. पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा ते भाग आहे, आणि ‘ई’ जीवनसत्त्व तेच काम दुसऱ्या बाजूनं करतं. एक पुरेसं असलं की दुसऱ्याची उणीव काही प्रमाणात झाकली जाते. तांबं याच्या उलट वागतं. पिलांना तांबं किंवा जस्त फार जास्त दिलं तर सेलेनियमच्या कमतरतेची लक्षणं उमटतात, हे १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. बुरशीवर म्हणून पाण्यातून वरचेवर मोरचूद देणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं. चुनखडी प्रमाणाबाहेर गेली की सोयापेंडीतल्या फायटेटच्या साथीनं ती जस्त आणि मँगेनीज अडवते. मग घोट्याचा सांधा सुजतो, शीर निसटते आणि पाय वाकडा होतो. अशा पक्ष्याला सेलेनियम पाजून काय होणार? वेगानं वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या छातीवरच्या पांढऱ्या रेघांचंही तसंच. त्या सेलेनियमच्या कमतरतेतल्या स्नायूविकारासारख्या दिसतात, पण बहुतेकदा त्या वाढीच्या वेगातून येतात.

यावर म्हणतील, मक्यातलं सेलेनियम जमिनीप्रमाणे बदलतं, मग थोडं जास्त घातलेलं बरं. जमिनीचा मुद्दा खरा आहे; पण तो दोन्ही बाजूंनी लागू होतो. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात धान्यातच सेलेनियम जास्त आढळतं. म्हणून अंदाजानं वाढवण्यापेक्षा मक्याचा नमुना तपासणं शहाणपणाचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यीस्टमधलं सेंद्रिय सेलेनियम पक्ष्याच्या अंगी चांगलं लागतं, अंड्यात जास्त उतरतं, पिलाला जन्मतःच शिदोरी मिळते. हे खरं आहे, आणि ब्रीडर कोंबड्यांसाठी त्याचा खर्च मला योग्य वाटतो. मात्र ते अंगी लागतं ते मेथिओनिनच्या जागी प्रथिनांत शिरून, म्हणजे मांसात आणि अंड्यात साठत जाऊन. युरोपीय संघानं सेंद्रिय रूपात घालायच्या सेलेनियमला किलोमागे ०.२ मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा घातली ती खाणाऱ्या माणसाच्या काळजीपोटी.

राहिली पाण्यातली बाटली. पक्षी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. म्हणून लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम देणारं टॉनिक खाद्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅमची भर घालण्याइतकं होतं, आणि प्रिमिक्समधून तेवढंच आधीच गेलेलं असेल तर मात्रा दुप्पट होते. बाटलीच्या लेबलवरचा आकडा आणि प्रिमिक्सच्या पिशवीवरचा आकडा एकाच कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. ती बेरीज झाल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नये.