जामीन मंजूर, सुटका मात्र लांबच

फौजदारी खटल्यात आरोप होणे आणि गुन्हा सिद्ध होणे यांमध्ये अनेकदा वर्षानुवर्षांचे अंतर असते, आणि त्या काळात आरोपीला कोठडीत ठेवायचे की अटी घालून मोकळे सोडायचे, हे जामिनाच्या तरतुदींनी ठरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 ने व्यक्तिस्वातंत्र्याला संरक्षण दिलेले असल्याने ‘जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वारंवार मांडले आहे. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आरोपी होते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचीच मूळ चौकट कायम आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो, आणि आरोपी फरार होईल काय, साक्षीदारांवर दबाव आणील काय, पुराव्यात ढवळाढवळ करील काय, हे तपासून न्यायाधीश निर्णय देतात. पोलिसांनी गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामिनाची तयारी दाखवणाऱ्या आरोपीला सोडावेच लागते. संहितेच्या कलम 479 नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेला आरोपी सर्वसाधारणपणे जामिनास पात्र ठरतो, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. मात्र फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे यातून वगळले आहेत.

खरी अडचण जामिनाचा आदेश झाल्यानंतर सुरू होते. केवळ वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सुटका झाली नाही तर जामीनदार उभा करावा लागतो, आणि आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर बंधपत्रातील रक्कम भरण्याची जबाबदारी या जामीनदारावर येते. त्यामुळे जामीनदाराला सातबारा उतारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, रेशनकार्ड आणि प्रसंगी तहसीलदाराकडील ऐपतीचा दाखला न्यायालयात दाखवावा लागतो, आणि या कागदांची पडताळणी होईपर्यंत आरोपी आतच राहतो. ज्याचे गाव, नातेवाईक आणि जमीनजुमला दूरच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात आहे, अशा मजुराने ओळखीपाळखीविना जामीनदार आणायचा कोठून, हा प्रश्न मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नित्याचा आहे.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न 1978 मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात आला. गवंडीकाम करणाऱ्या मोतीरामला जामीन मिळाला होता, परंतु दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ व भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याचे कारण देऊन भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही भूमिका अमान्य करून मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला.

कायद्यानेही पुढे काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे लागते. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात बंधपत्र सादर झाले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सुचवले. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी अर्थसाहाय्याची योजनाही आणली.

या तरतुदींचा उपयोग मात्र कोणीतरी मागणी केल्याशिवाय क्वचितच होतो. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणून जामीन मंजूर होऊनही ज्यांचा माणूस तुरुंगातच अडकला आहे, अशा कुटुंबांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन अटी कमी करण्याचा अर्ज विनाविलंब करून घ्यावा.