न सुटणारा उपास



घर इंदूरचे असो की बडोद्याचे, आपली माया ताटात दिसते. म्हणून घरातली मुलगी जेवेनाशी झाली, की आपण आधी रागावतो. त्यापूर्वी काही महिने मात्र तिचे कौतुकच झालेले असते. गोड सोडले, संकष्टीला जोडून एकादशीही धरली, केवढी निग्रही पोर! माझा उपासाला आक्षेप नाही. पण उपास ठरल्या वेळी सुटतो आणि सोडताना आनंद असतो. आहारविकारात सोडायच्या वेळीच भीती दाटते. (मुलगेही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्याकडे तो पुष्कळदा व्यायामशाळेतून येतो.)

लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. नाव फसवे आहे. त्याचा अर्थ भूक नसणे. प्रत्यक्षात भूक असते आणि रुग्ण तिच्याशी झुंजत असतो. बुलिमियात अनावर खाणे होते, मग उलटी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे. वजन बहुधा बेताचेच राहते, त्यामुळे घरात वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

“हट्टीपणा आहे, दुसरे काय!” असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग जरूर समजून घ्यावा. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ही माणसे चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. दिवसभर अन्नाचाच विचार. कोणी पाककृतींची पुस्तके वाचत बसे, कोणी एकेक घास तासन्‌तास चघळे. पुढे पोटभर मिळू लागले तरी काहींचे खाणे आवरेना. यांपैकी कोणीही हट्टी नव्हता. उपासमारच मनाचा ताबा घेते. अशा मनाला उपदेश कसा पोचणार?

म्हणून उपचार शरीरापासून सुरू होतो. आधी डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातले पोटॅशियम तपासून घ्यावे. वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. फार खंगलेल्या रुग्णाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये, त्यानेही जिवाला धोका होतो. त्याच्या जोडीला मानसोपचार हवा. बुलिमियात विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी संवादोपचाराची पद्धत उपयोगी ठरते. साधारण वीस बैठका लागतात. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली पद्धत मला आपल्या घरांना विशेष जवळची वाटते. तीत आईवडिलांना दोषी धरत नाहीत. मूल सावरेपर्यंत जेवणाची सूत्रे त्यांच्याच हाती देतात, मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

आणि पंगतीत “किती वाळलीस!” किंवा “आता बरी भरलीस” यांपैकी काहीच म्हणू नका. दुसरे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. तिला ते ‘जाड झालीस’ असे ऐकू येते. तिच्याशी बोलायचे ते जेवणानंतर, एकटीला गाठून, वजनाचा विषय न काढता. “तू हल्ली घाबरलेली दिसतेस, आपण दोघी जाऊन कोणाला तरी भेटू या,” एवढे पुरे. कोणाला भेटावे हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.